बरं वाटतं त्या दिवशी थांबायला शिका

आमवातात माणूस वाईट दिवशी खचतो असं सगळे धरून चालतात. खरं तर त्याची सुरुवात चांगल्या दिवशी होते. आठवडाभर आखडलेली बोटं एका सकाळी मोकळी वाटतात आणि साचलेलं सगळं काम एकदम डोळ्यांपुढे येतं. माळा आवरला जातो, अभ्रे धुतले जातात, वर संध्याकाळी पाहुण्यांसाठी पुऱ्याही लाटल्या जातात. रात्री मनगट जड होतं. दुसऱ्या दिवशी टूथपेस्टचं झाकण फिरत नाही आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. तिथे पडल्या पडल्या एकच विचार येतो, ‘आपल्याकडून आता काही होत नाही.’ असं चार-पाच वेळा झालं की दुखणं नसलेल्या दिवसाचीही धास्ती वाटायला लागते.

हे चक्र मनाचा निर्धार करून तुटत नाही. त्यासाठी घड्याळ, कागद आणि घरातल्यांशी नीट केलेली बोलणी लागतात. इथे आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस धरून लिहिलं आहे. कंबरदुखी, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) किंवा गुडघ्याची झीज असली तरी यातलं बरंच कामी येईल. औषधांबद्दलचा भाग मात्र फक्त आमवाताचा आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. ‘मनाचाही भाग असतो’ असं कुणी म्हटलं की पेशंटला ‘तुझं दुखणं खोटं आहे’ असं ऐकू येतं, आणि त्यात पेशंटची चूक नाही, कारण बोलणारे बऱ्याचदा त्याच सुरात बोलतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा त्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव मानला आहे. म्हणजे मनावर काम करणं हा उपचाराचाच एक हिस्सा आहे. दुखणं खरंच असतं, आणि ते रात्री एकटं असताना जास्त असतं हेही खरंच असतं.

औषध लागू पडेपर्यंतचे आठवडे

निदान झाल्यानंतरचे पहिले तीन महिने मनाला सगळ्यात जड जातात, आणि त्यामागे एक साधं कारण आहे. दुखण्याची गोळी तासाभरात काम करते. मूळ आजार आवरणाऱ्या औषधांना वेळ लागतो: मेथोट्रेक्सेटचा परिणाम जाणवायला साधारण सहा ते बारा आठवडे, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला कधी कधी तीन ते सहा महिने. ही गोष्ट कुणी नीट सांगितलेली नसली की चौथ्या आठवड्यात ‘हेही औषध फुकट गेलं’ असं वाटतं आणि लोक गोळ्या मनानेच बंद करतात.

म्हणून औषध सुरू केलं त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. तिथून बारा आठवडे मोजून दुसरा गोल करा. ‘उपयोग होतोय का’ हा प्रश्न त्या दुसऱ्या गोलाआधी स्वतःला विचारायचा नाही. डॉक्टरांना काय त्रास होतोय ते मात्र मधल्या काळात केव्हाही सांगायचं. त्याच कॅलेंडरवर मेथोट्रेक्सेटचा वारही लिहा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. ‘दर रविवारी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं की घरातल्या कुणालाही लक्ष ठेवता येतं. स्टिरॉइड चालू असेल तर ते कंटाळून एकदम सोडू नका. त्याचा डोस उतरवत आणावा लागतो.

आपली मर्यादा मोजून काढणं

कुठलंही एक रोजचं काम निवडा. भाजी चिरणं धरू. पाच दिवस ते नेहमीसारखंच करा आणि दुखणं शून्य ते दहाच्या मापात दोन अंकांनी वाढलं की घड्याळ बघून मिनिटं लिहा. समजा आकडे आले १४, २०, ९, १६ आणि ११. बेरीज ७०, सरासरी १४. त्यातली ८० टक्के धरा: ११ मिनिटं. ही तुमची आजची मर्यादा.

आता अकराव्या मिनिटाला मोबाईलचा गजर वाजला की सुरी खाली. दुखत नसलं तरी खाली, दोन भेंड्या उरल्या असल्या तरीही. पाच-दहा मिनिटं हात मांडीवर सैल सोडून बसा, मग हवं तर पुढची अकरा मिनिटं. आठवडाभर हे जमलं की एक मिनिट वाढवा, एका आठवड्यात त्याहून जास्त नाही.

हे चुकतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे लोक दुखायला लागल्यावर थांबतात. मग शरीर शिकतं की थांबण्याचा हुकूम दुखण्याने द्यायचा, आणि दिवसभर लक्ष दुखण्यावरच राहतं. घड्याळाने थांबलं की निर्णय तुमचा राहतो. या एवढ्याशा फरकाने मनाला जो आधार मिळतो तो कुठल्याही धीराच्या शब्दांनी मिळत नाही. दुसरं, चांगल्या दिवशी गजर बंद केला जातो. तो वाजायला हवा तो नेमका त्याच दिवशी.

चालणं, कपडे वाळत घालणं, लॅपटॉपवर टाईप करणं, लोकलमध्ये उभं राहणं, प्रत्येकाची मर्यादा वेगळी येईल. सगळी एकदम मोजू नका. महिन्याला दोन कामं पुरतात.

माझ्या हातची चव

हातातलं काम सुटतं तेव्हा जे दुःख होतं त्याला घरात फारसा मान मिळत नाही. ‘बाई लावू की पोळ्यांना, त्यात काय एवढं’ असं प्रेमानेच म्हटलं जातं. पण ज्या बाईने तीस वर्षं कणीक मळली तिच्यासाठी तो प्रश्न पोळ्यांचा नसतो. स्वयंपाकघरात आपली जागा राहिली का, हा असतो. शेतावर जाणाऱ्याला विळा ठेवावा लागतो तेव्हा, शिंप्याला कात्री ठेवावी लागते तेव्हाही हेच होतं. रडू आलं तर येऊ द्या. इथे घाई करून समजूत घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

रडून झाल्यावर करायचं ते हे: कामाचे तुकडे पाडा आणि त्यातला ‘तुमचा’ तुकडा कोणता ते शोधा. दिवाळीची चकली घ्या. भाजणीचं प्रमाण ठरवणं, धान्य कितपत भाजलं ते वासावरून ओळखणं, मोहन घालणं, पीठ मळणं, सोऱ्या फिरवणं, तळणं, पहिली चकली मोडून खुसखुशीत झाली का ते बघणं. यात सांध्यांना नडतं ते मळणं आणि सोऱ्या फिरवणं. सोऱ्याची मूठ पिळताना बोटांच्या मुळांशी आणि मनगटावर ताण येतो, नेमक्या त्याच जागी जिथे आमवाताची सूज असते. तेवढे दोन तुकडे मुलाकडे किंवा जावेकडे द्या. प्रमाण, वास आणि पहिली चकली तुमच्याकडे ठेवा. चव तुमच्याच हातची राहते, कारण चव तिथेच ठरते. फराळ एका दिवसात उरकायचा नाही. चार दिवसांवर पसरा, रोज एक पदार्थ, आणि ओट्याशी उंच स्टूल घ्या.

रोजच्यासाठी: बरणीच्या झाकणाखाली रबरी हातमोजा धरला की बोटांना कमी पिळावं लागतं. जड कढई दोन्ही तळव्यांनी उचला, बोटांच्या टोकांनी नाही. पेन आणि सुरीच्या मुठीला जाड फोम गुंडाळा. पिशवी खांद्याला किंवा कोपराला अडकवा.

घरातल्यांशी बोलणं

दिवसातून दहा वेळा ‘कसं वाटतंय?’ विचारलं की जीव नकोसा होतो. कुणीच विचारलं नाही तर त्याहून वाईट वाटतं. यावर चालणारा सोपा उपाय म्हणजे फ्रिजवर तीन रंगांची चुंबकं. सकाळी उठल्यावर एक वर लावायचं. हिरवं: नेहमीसारखं, मदत लागली तर मी मागेन. पिवळं: कुकरचं झाकण, पिठाचा डबा, पाण्याची कळशी कुणीतरी आधीच काढून ठेवायची. लाल: आज खिचडी, आणि मला काही विचारू नका, पण संध्याकाळी दहा मिनिटं शेजारी येऊन बसा. प्रत्येक रंगाला घरातल्यांनी काय करायचं ते आधी बसून ठरवून लिहून ठेवा. नुसता रंग लावून कुणी काही केलं नाही तर राग दुप्पट होतो.

मदत मागताना ‘जरा हातभार लावत जा’ म्हणू नका, त्यातून कुणालाच काय करायचं ते कळत नाही. ‘अहो, पहाटे गिझर लावून पाण्याची बादली भरून ठेवाल का? साडेसहाला मला कोमट पाण्यात हात बुडवायचे असतात,’ असं सांगा. काम, वेळ आणि कारण तिन्ही आलं. लहान मुलांना खरं सांगा: ‘आईची बोटं सकाळी उशिरा जागी होतात. वेणी नऊनंतर घालू, नाहीतर आज बाबा घालतील. तू काही केलं म्हणून हे झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मुलं आपल्यामुळे झालं असं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत.

सल्ले देणाऱ्यांचं काय करायचं? लग्नात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणाच्या तरी नात्यातलं कुणी एका पुडीने बरं झालेलं असतंच. अशा काही पुड्यांमध्ये न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. म्हणूनच त्यांनी झटक्यात बरं वाटतं आणि नंतर महागात पडतं. वाद घालण्यात शक्ती घालवू नका. एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘काकू, माझं औषध नीट चालू आहे, त्यात काही मिसळायचं तर डॉक्टरांना विचारावं लागतं. पण तुम्ही आठवणीने सांगितलंत, बरं वाटलं.’ आणि विषय बदला. ‘दिसत तर नाही काही झालेलं’ असं म्हणणाऱ्याला ‘सकाळी सातला या, दिसेल’ एवढं पुरे.

पहाटेचे चार

आमवातात दाह वाढवणाऱ्या घटकांचं प्रमाण रात्री उशिरा आणि पहाटे चढतं. म्हणून सकाळचं आखडणं तासाहूनही जास्त टिकू शकतं. म्हणजे पहाटे चार वाजता शरीर दिवसातल्या सगळ्यात वाईट अवस्थेकडे चाललेलं असतं आणि मन त्याच वेळी आख्ख्या आयुष्याचा हिशेब मांडतं. एक नियम करा: पहाटे नोकरी, लग्न, मुलं, पैसा यांपैकी कशाचाही निर्णय होणार नाही. तो विचार कागदावर टाका, सकाळी अकराला बघू.

उशाशी एक वही ठेवा. पानावर मधोमध रेघ. डावीकडे सांध्यात काय आहे, उजवीकडे मनात काय आलं.

डावीकडे: ‘उजवं मनगट, सहा. डाव्या पायाच्या बोटांची मुळं, चार. सूज कालएवढीच.’

उजवीकडे: ‘वर्षभरात मी जागेवरून उठू शकणार नाही. सगळ्यांना ओझं झाले आहे.’

दोन्ही समोरासमोर वाचल्यावर दिसतं की उजवीकडचं वाक्य डावीकडच्यातून निघत नाही. सहाचं मनगट आज सहा आहे, पुढच्या वर्षाबद्दल ते काही सांगत नाही. मग खाली एकच ओळ लिहा: पुढच्या एका तासात काय करणार. ‘गरम पाण्याची पिशवी, रेडिओ, पाचला चहा.’ उजवीकडच्या वाक्याच्या जागी छान-छान वाक्य लिहायचा आग्रह धरू नका. मनाला ते पटत नाही आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं.

त्यानंतर श्वास. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब ठेवला की छातीतली धडधड उतरते. स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम बऱ्याच ठिकाणी शिकवतात. सुजलेल्या बोटांची मूठ मात्र जोरात आवळू नका, दुखणं वाढेल. आवळण्याची पायरी गाळा आणि कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या अशा क्रमाने फक्त सैल सोडत जा. जबड्यापाशी जरा थांबा. दुखणं सोसणारा माणूस दात आवळून असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची जोडी जमणार नाही.

डॉक्टरांपुढे ‘बरं आहे’ म्हणू नका

महिनाभर सोसलेलं सगळं ओपीडीच्या पाच मिनिटांत ‘बरं आहे’ या दोन शब्दांत संपतं. बाहेर आल्यावर स्वतःचाच राग येतो. त्यासाठी आदल्या रात्री एका पानावर चार गोष्टी लिहा: सकाळी आखडणं किती मिनिटं टिकतं, कोणते सांधे सुजलेले आहेत, दुखण्यामुळे कोणतं काम बंद पडलं, आणि मनःस्थिती व झोप कशी आहे. चौथी गोष्ट लोक हमखास गाळतात.

दुखण्याचा प्रकार नेमक्या शब्दात सांगा. मराठीत त्यासाठी भरपूर शब्द आहेत आणि ते उपयोगी पडतात. ठणका म्हणजे बसल्या जागीही सांधा आतून धडधडतो, दाह असेल. चमक हालचालीबरोबर येते आणि जाते. मुंग्या, आग, रात्री हात झटकावासा वाटणं, हे मनगटाशी दबलेल्या नसेचं असू शकतं, आणि आमवातात ते बरेचदा होतं. रग ही थकलेल्या स्नायूंची. ‘खूप दुखतं’ या एका वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं कायम, असंही होतं. तेव्हा पेशंट कोसळतो, कारण आता कुणी विश्वास ठेवणार नाही असं वाटतं. दाह आवरल्यावरही मज्जासंस्था संवेदनशील झालेली राहू शकते. त्यासाठी वेगळे उपाय असतात, आणि उदासीनतेवर वापरली जाणारी काही औषधं वेदनेसाठीही देतात. चिठ्ठीवर तसं नाव दिसलं तर ‘मला वेडं ठरवलं’ असं समजू नका. ‘हे दुखण्यासाठी की मनासाठी?’ असं सरळ विचारा.

मदत कधी घ्यायची

दोन आठवडे सलग, जवळजवळ रोज, कशातच रस वाटत नसेल, जेवण किंवा झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. दीर्घ दुखण्यात नैराश्य वारंवार येतं, आणि त्यावर उपचार झाले की दुखणं पेलणंही सोपं जातं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जगणं नको वाटत असेल, तसे विचार येत असतील, तर ते दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला सांगा, फोन करा किंवा दवाखान्यात जा, आणि गोळ्यांचा डबा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

वाईट आठवड्याचा कागद

हा कागद चांगल्या दिवशी लिहायचा, कारण लाल दिवशी डोकं चालत नाही. त्यात इतकं असू द्या: डॉक्टरांनी अशा वेळी घ्यायला सांगितलेली गोळी आणि तिचा डोस. आखडलेल्या सांध्याला कापडात गुंडाळलेली गरम पिशवी पंधरा ते वीस मिनिटं, गरम आणि लाल झालेल्या सांध्याला कापडातला बर्फ दहा मिनिटं. प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा हळूच, जाईल तेवढाच हलवायचा, पूर्ण पडून राहायचं नाही. कोणती कामं रद्द करायची आणि ती कुणाला कळवायची. फोन करायचा तर कुणाला, म्हणजे असा माणूस जो ऐकतो आणि उपाय सुचवत नाही. खायला मूगडाळीची खिचडी, ती कोण करणार.

आणि खाली लाल पेनाने: ताप आणि एकच सांधा अचानक खूप सुजून गरम झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

त्रास उतरल्यावर पहिल्या बऱ्या सकाळी पुन्हा तोच मोह होईल. भांडी पडलेली असतील, आठवड्याचं राहून गेलेलं असेल. त्या दिवशी गजर जुन्या अकरा मिनिटांवर लावू नका. निम्मा करा, साडेपाच मिनिटं. तीन दिवस तेवढंच, मग रोज एकेक मिनिट, अकरापर्यंत. नऊवर असताना पुन्हा ठणका लागला तर साडेपाचवर परत या आणि वहीत तारीख टाका.